पिशवीचे दोन रुपये

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी होती. चिपळूणच्या माणसाला ही तारीख मुद्दाम लक्षात ठेवावी लागत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी पहाटे वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुर्बानी करायचे ज्यांनी ठरवले होते, त्यांची ती तशीच राहिली. आमची पहिल्या दिवशीच झाली होती. आमचे घर चढावर आहे, म्हणून वाचले.

त्या बुधवारी दिवसभर पाऊस थांबला नव्हता. मी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात बसून हिस्से करत होतो, पिशव्यांत भरत होतो. दाराशी येणाऱ्यांना तिथेच देत होतो आणि नातलगांचे हिस्से मुलगा छत्री घेऊन पोचवत होता. शंभर पातळ पांढऱ्या पिशव्यांचा गठ्ठा आणला होता. संध्याकाळपर्यंत त्यातल्या थोड्याच उरल्या.

पाणी ओसरल्यावर नणंदेच्या घरातला चिखल काढायला आम्ही खाली शहरात गेलो. घरांची, दुकानांची दशा काय झाली होती, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले आहे. मला मात्र वर बघितल्यावर धक्का बसला. विजेच्या तारा, आंब्याच्या फांद्या, कुंपणाचे काटे, पुलाचे कठडे, जिथवर पाणी चढले होते तिथवर पिशव्याच पिशव्या लटकत होत्या. पांढऱ्या, काळ्या, गुलाबी पट्ट्यांच्या. त्यातल्या माझ्या कोणत्या, हे ओळखायला काही मार्ग नव्हता.

पूर पिशव्यांमुळे आला, असे मी म्हणणार नाही. अतिवृष्टी, भरतीची वेळ, गाळाने भरलेले नदीपात्र, धरणाचे पाणी यांवर पुष्कळ बोलून झाले आहे आणि त्यातले मला फारसे कळतही नाही. माझा प्रश्न साधा आहे. महाराष्ट्रात पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. मग २०२१ मध्ये एका शिक्षिकेला शंभर पिशव्यांचा गठ्ठा मिळाला कसा? तर दुकानदाराने गल्ल्याखालून काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि मी तो पर्समध्ये टाकून घरी आणला. दोघांनाही त्यात काही विशेष वाटले नाही.

बंदी घालावी की कर लावावा, हा वाद जगभर चालला आहे. आपल्याकडे तो अधूनमधून डोके वर काढतो आणि विसरला जातो. मी अर्थशास्त्राची पदवीधर नाही, उर्दू शाळेत मराठी शिकवते. पण पिशवी रोज माझ्या हातात येते, त्यामुळे या वादात मला बोलता येईल, असे वाटते.

बंदीचा इतिहास आपल्याच राज्यात पाण्यापासून सुरू होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई बुडाली. तुंबलेल्या गटारांचा दोष तेव्हा पिशव्यांवर आला. ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर राज्याने निर्बंध घातले. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या, थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे चमचे-कप या सगळ्यांवर बंदी आली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कारवाई सुरू झाल्यावर आठवडाही उलटला नव्हता, तोच किराणा मालाच्या वेष्टनाला सवलत मिळाली. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी घातली. कान साफ करायच्या काड्या, स्ट्रॉ, प्लेटा, ग्लास, मिठाईच्या खोक्यावरचे चकचकीत आवरण, अगदी प्लास्टिकच्या लग्नपत्रिकासुद्धा त्यात आल्या. पिशवीची किमान जाडी आधी ७५ आणि मग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली.

जाडीचा हा आग्रह कशासाठी, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जाड पिशवीला जास्त प्लास्टिक लागते, म्हणून ती महाग पडते आणि दुकानदार ती फुकट वाटत नाही. शिवाय जड असल्यामुळे कचरा वेचणाऱ्याला ती उचलणे परवडते. म्हणजे मायक्रॉनची अट हा एक प्रकारचा छुपा करच आहे. फक्त तो सरकारच्या तिजोरीत जात नाही आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही.

बंदीचा दंड कुणी भरला, तेही पाहायला हवे. पिशवी बनवणारा कारखाना कुठे दूरवर असतो, अनेकदा परराज्यात. बाजारात पथक आले की सापडते ती भाजीवाली, मासेवाली, कोंबडीवाला. माझ्या ओळखीच्या एका कोंबडीवाल्याला ५,००० रुपये भरावे लागले. (कुठल्या गावात, ते सोडून देऊ.) तो हिशेबी माणूस आहे. एवढे सुटायला किती दिवस उभे राहावे लागते, ते त्याने मला बोटांवर मोजून दाखवले. त्याच आठवड्यात त्याच्या दुकानासमोरून वेफर्सच्या पाकिटांचा टेम्पो रोज जात होता, त्याला कुणी हात केला नाही. कारण ते पाकीट बंदीत नव्हते.

करच नाही, असे नाही

आपल्याकडे पिशवीवर पैसे लावायचा प्रयत्न झालाच नाही, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. केंद्राच्या २०११ च्या नियमांत दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये, असे स्पष्ट लिहिले होते. तिची किमान किंमत ठरवायचा अधिकार नगरपालिकांना दिला होता. २०१६ च्या नियमांत आणखी एक पाऊल टाकले गेले. ज्या दुकानदाराला किंवा फेरीवाल्याला प्लास्टिकची पिशवी द्यायची आहे, त्याने स्थानिक संस्थेकडे नाव नोंदवावे आणि वर्षाला किमान ४८,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,००० रुपये भरावेत.

रस्त्यावर कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेली बाई डोळ्यांसमोर आणा आणि ही रक्कम पुन्हा वाचा. कुणीही नाव नोंदवले नाही, याचे नवल वाटायला नको. शिवाय ही रक्कम ठोक होती. एकदा भरली की शंभर पिशव्या द्या नाहीतर लाख द्या, सरकारचे घेणे तेवढेच. पिशवी देताना दर वेळी हात आखडावा, असे त्यात काहीच नव्हते. २७ मार्च २०१८ ला केंद्राने हा नियम काढून टाकला. महाराष्ट्राच्या बंदीची अधिसूचना निघून तेव्हा चारच दिवस झाले होते.

आता आयर्लंडकडे पाहू, कारण या वादात त्या देशाचे नाव घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. ४ मार्च २००२ पासून तिथे प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसला. त्याआधी माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या लागत होत्या, त्या २१ वर आल्या. पुढे लोक १५ सेंटला सरावले आणि आकडा पुन्हा ३१ पर्यंत चढला, तेव्हा जुलै २००७ मध्ये कर २२ सेंट केला गेला. कर बसवण्यापूर्वी तिथे लोकांना विचारले होते की पिशवीला तुम्ही किती द्याल. सरासरी उत्तर अडीच सेंटच्याही आत होते. सरकारने मुद्दाम त्याच्या सहापट रक्कम ठरवली. कर म्हणजे पैसे जमवायचे साधन, ही आपली सवयीची समजूत आहे. इथे उलटे होते. कमीत कमी लोकांनी तो भरावा, यासाठीच तो बसवला होता. जे जमले ते पर्यावरणाच्या वेगळ्या निधीत गेले.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. एक, दुकानदाराला हा कर स्वतःच्या खिशातून भरून गिऱ्हाइकाला खूश करायची मुभा नव्हती. तो गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा. दुसरी गोष्ट वाचून मला आमचा कोंबडीवाला आठवला. कच्चे मांस, मासे, कोंबडी, सुटी फळे यांच्यासाठीच्या लहान पिशव्यांना करातून सूट होती. रक्त ठिबकणारी वस्तू कागदात बांधून माणूस बसमधून नेऊ शकत नाही, हे कायदा लिहिणाऱ्याला माहीत होते.

सगळीकडे असेच घडले, असे नाही. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्ये पिशवीला पैसे लावले. पहिल्या महिन्यांत वापर एकदम खाली आला. मग उत्पादकांच्या दबावाने किंमत उतरवली गेली आणि खप पुन्हा चढला. आपल्या शेजारच्या बांगलादेशाने २००२ मध्ये, म्हणजे आयर्लंडच्याच वर्षी, पातळ पिशव्यांवर सरळ बंदी घातली. असे करणारा तो जगातला पहिला देश. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत ढाक्याची गटारे तुंबल्याचा अनुभव त्यामागे होता. तरी बावीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिथल्या सरकारला सुपरशॉपमध्ये पिशव्या देऊ नका, असे नव्याने बजावावे लागले. ते वाचताना मला गल्ल्याखालचा माझा गठ्ठा आठवला.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून ५ पेन्स आणि २०२१ पासून १० पेन्स घेतात. पण तो कर नाही. ते पैसे दुकानाकडे राहतात आणि त्यांनी ते सत्कार्याला द्यावेत, अशी अपेक्षा असते. किंमत आणि कर यांतला हा फरक आपल्याकडेही महत्त्वाचा आहे. मोठ्या दुकानात कागदी पिशवीचे पैसे मागितले की आपल्याला राग येतो, कारण पिशवीवर त्यांचीच जाहिरात असते आणि पैसेही त्यांनाच जातात. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचाने चपला-बुटांच्या एका मोठ्या कंपनीला अशाच ३ रुपयांच्या पिशवीसाठी ९,००० रुपये भरायला लावले. मला तो निकाल योग्य वाटतो. पण माझ्या पिशवीचे पैसे गटार साफ करणाऱ्याच्या पगारात जाणार असते, तर मी भांडले नसते. पिशवीच घेतली नसती.

भंगारवाल्याचा हिशेब

आता आपल्याकडचा प्रत्यक्ष कर पाहा. प्लास्टिकच्या पिशवीवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे प्लास्टिकवर कर लावा, ही मागणी एका अर्थाने पुरी झालेली आहे. पण तो कुणाला जाणवतो? पिशवी पाऊण रुपयाची धरली तर तिच्यातला कर साधारण ११ पैसे येतो. तो दुकानदार घाऊक बाजारात भरतो आणि कोंबडीच्या भावात मुरवतो. माझ्यापर्यंत पिशवी फुकटच येते.

वर्गातल्या एका मुलाचे वडील भंगाराचा धंदा करतात. आपल्या समाजातली किती घरे या धंद्यावर उभी आहेत, हे वेगळे सांगायला नको. धारावीत काय, मालेगावात काय, फेकलेल्या प्लास्टिकची गिट्टी करून त्यापासून पाइप आणि इतर वस्तू बनवणाऱ्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. पालकसभेनंतर मी त्यांच्याशी बोलत बसले. त्यांनी सांगितले ते मला आधी खरे वाटले नाही, म्हणून पुढे तपासून पाहिले. प्लास्टिकच्या भंगारावर पूर्वी ५ टक्के जीएसटी होता, तो १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ टक्के झाला. म्हणजे नव्या पिशवीवर जेवढा कर, तेवढाच कचऱ्यातून उचललेल्या पिशवीवर.

"मॅडम, नवीन माल बनवणाऱ्याला खरेदीवर भरलेला कर वजा करून मिळतो," ते म्हणाले. "आमचा माल येतो गोणी घेऊन फिरणाऱ्या बाईकडून. ती बिल कुठून देणार? मग आम्ही काय वजा करायचं?"

ज्याची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, त्याला नोंदणी लागत नाही, हे खरे. पण कारखान्याला माल विकणाऱ्या वखारीला ती लागतेच, आणि वखारवाला तो बोजा खाली ढकलतो. शेवटी गोणीवाल्या बाईला किलोमागे दोन रुपये कमी मिळतात. या देशात २०२०-२१ मध्ये ४१ लाख टनांहून अधिक प्लास्टिक कचरा झाला, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आकडा सांगतो. त्यातला जो परत वापरात येतो, त्याचा मोठा भाग या गोण्यांतून येतो. तिच्या कामावर कर आणि माझ्या फुकट पिशवीला मोकळीक, अशी ही रचना आहे.

काय घेत नाही, असे मी त्यांना विचारले. पातळ पिशवी घेत नाही, म्हणाले. पाच ग्रॅमची पिशवी धरली तरी किलोला दोनशे वेचाव्या लागतात, त्याही चिखलाने भरलेल्या. आणि वेफर्सचे, बिस्किटांचे, शाम्पूचे पाकीट घेत नाही. त्यात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये धातूचा पातळ पत्रा असतो, ते सुटे होत नाहीत. ते कुणीच घेत नाही.

हे ऐकून मी सातवीच्या मुलांना एक उद्योग दिला. आठवडाभर घरात आलेले प्लास्टिक फेकायचे नाही, धुऊन साठवायचे आणि शनिवारी शाळेत आणायचे. ढीग केले तेव्हा पिशव्यांचा ढीग लहान निघाला. पाकिटांचा डोंगर झाला. शाम्पू, गुटखा, मसाला, नूडल्स, पाच रुपयांचे सगळे खाऊ. एका मुलीने विचारले, "मॅडम, पिशवीवर बंदी आहे, मग यांच्यावर का नाही?" मी सांगितले की कंपन्यांवर २०२२ पासून जबाबदारी टाकली आहे, जेवढे प्लास्टिक बाजारात आणतील, तेवढ्याची विल्हेवाट लावून प्रमाणपत्र घ्यायचे. याच योजनेत २०२३ मध्ये सहा लाखांच्या आसपास बनावट प्रमाणपत्रे सापडली, हे मात्र मी त्या दिवशी सांगितले नाही. सातवीच्या पोरांना एवढ्या लवकर निराश कशाला करायचे.

कर कुठे हवा, याचे माझे उत्तर त्या डोंगरात आहे. ब्रिटनने एप्रिल २०२२ मध्ये सुरुवात केली तेव्हा, ज्या वेष्टनात ३० टक्क्यांपेक्षा कमी पुनर्वापराचे प्लास्टिक आहे, त्यावर टनाला २०० पौंड कर बसवला. तो कारखान्यात आणि बंदरावरच वसूल होतो. आपल्याकडे असे काही सुचवले की गरिबाचे नाव पुढे येते. रुपया-दोन रुपयांचे शाम्पूचे पाकीट गरीब माणूस घेतो, ते महाग होईल. हा मुद्दा मी हसून टाकणार नाही. आमच्या शाळेतल्या निम्म्या घरांत महिन्याची बाटली एकदम आणायला पैसे नसतात. पण पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यातली बिस्किटे इतक्या वर्षांत किती वेळा कमी झाली, तेव्हा गरिबाचे नाव कुणी काढले नव्हते. कर पाकिटावर बसेल, तर कंपनी कमी थरांचे, भंगारवाल्याने घ्यावे असे पाकीट शोधील. ते शोधायला तिच्याकडे माणसे आहेत. कोथिंबीरवालीकडे नाहीत.

आणखी एक वाट आहे, अनामतीची. आपल्या लहानपणी सोड्याच्या बाटलीचे पैसे दुकानात अडकलेले असायचे, म्हणून बाटली परत जायची. २०२२ मध्ये केदारनाथच्या वाटेवर प्लास्टिकच्या बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली परत दिल्यावर ते परत करायची योजना सुरू झाली. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत घेण्याची घोषणा झाली होती. आमच्या घरात त्या दिवसापासून धाकट्याने दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत घालायला सुरुवात केली. एकरकमी पैसे मिळतील म्हणून. कुणीच घ्यायला आले नाही. शेवटी अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांची चटई शिवली.

आपल्या दस्तरखानावर

सरकारवर इतके बोलल्यावर घराकडेही वळायला हवे. रमजानमध्ये मशिदीच्या अंगणात मगरिबनंतर उरतो तो थर्माकोलच्या ताटल्यांचा आणि पाव लिटरच्या बाटल्यांचा ढीग. पोटभर जेवून उठताना अन्न टाकले तर आपण पोरांना इसराफ म्हणून रागावतो. बाटली अर्धी पिऊन टाकली तर कुणी बोलत नाही. अम्मी सांगतात, त्यांच्या लग्नात जमातीची भांडी होती. खोलीभर देगा आणि तबके. एकेका तबकाभोवती चार-पाच जण बसायचे. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यायची, घासून परत करायची. ती खोली अजून आहे. देगा जातात, तबके जात नाहीत.

मी हे एका बैठकीत बोलले, तेव्हा मागून एक आपा म्हणाल्या, "तबकं घासायला कोण येणार, तुम्ही?" त्यांचा राग रास्त होता. प्लास्टिकच्या ताटाने कुणाचे काम वाचवले असेल तर ते बायकांचे. जुने दिवस छान होते, असे म्हणताना ते छान कुणाच्या हातांनी होत होते, हे आपण सोयीने विसरतो. त्यामुळे आता आमच्या मोहल्ल्यात तबके घासण्याचे काम मुलगे करतील या अटीवर दोन दावती झाल्या. दोनच झाल्या, हेही सांगितले पाहिजे.

कुर्बानीचे तसेच. अम्मींच्या लहानपणी हिस्सा सागाच्या पानात बांधून जायचा. पावसाळ्यात पाने मोठी असतात आणि अंगणातच मिळतात. आता ईद सरकत उन्हाळ्यात आली आहे, कोवळी पाने पुरत नाहीत आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने साग कुठून आणायचा? नातलगांना आम्ही डब्यातून पाठवतो. डबा रिकामा परत करायची आपल्याकडे रीत नाही, तो काहीतरी भरूनच येतो, त्यामुळे हे जमून गेले. अडचण दाराशी येणाऱ्यांची आहे. लांबून आलेली बाई रिकाम्या हाताने येते. तिला "भांडं आणलं नाहीस का" असे विचारणे माझ्याच्याने होत नाही. तिच्यासाठी मी अजून पिशवी ठेवते.

आणि कोंबडीवाला. दंड भरल्यावर त्याने मक्याच्या स्टार्चची म्हणून विकली जाणारी, विघटन होणारी पिशवी आणली. तीही गटारात टाकली तर लगेच विरघळत नाही, तिला खतकारखान्याची उष्णता लागते. पण दंड तरी टळतो. ती महाग पडते. म्हणून आधी त्याने पाटी लावली: "डबा आणल्यास २ रुपये कमी". महिनाभरात डबा घेऊन आलेले गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अमेरिकेत टाटियाना होमोनॉफ यांनी वॉशिंग्टनच्या आसपासच्या दुकानांत नेमके हेच तपासले आहे. पिशवीवर ५ सेंट कर बसला तिथे पिशवी घेणारे निम्म्याने घटले. स्वतःची पिशवी आणल्यास ५ सेंट सूट होती, तिथे जवळजवळ काहीच फरक पडला नाही. रक्कम तीच. मिळणाऱ्या पैशाला आपण विसरतो, जाणारा पैसा खुपतो.

मी त्याला हे सांगितले. त्याने पाटी बदलली: "पिशवीचे २ रुपये वेगळे". आता डबे येऊ लागले. पण सोबत भांडणेही आली. दोनशे रुपयांची कोंबडी घेणारा माणूस दोन रुपयांसाठी हुज्जत घालायचा आणि पलीकडच्या दुकानात जायचा, तिथे काळी पिशवी फुकट मिळत होती. तीन आठवड्यांनी पाटी उतरली.

"मॅडम, सगळ्यांना लावा, मी पहिला लावतो," तो म्हणाला. "एकट्यानं लावली तर मी फक्त महाग दुकानदार ठरतो."

आयर्लंडच्या कायद्यात दुकानदाराला कर स्वतः भरायची मनाई का होती, ते मला त्याच्या दुकानात उभे राहून कळले.

पाटी त्याने फेकलेली नाही, फ्रीजमागे उभी करून ठेवली आहे. मी जुम्म्याला डबा घेऊन जाते. तो आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो, त्याचे वजन मला दाखवतो आणि मगच कोंबडी टाकतो.